पन्हाळ्याच्या पायथ्याशी चुन्याची भट्टी : जानेवारी ते जुलै २०२५ च्या नोंदी

केर्लीच्या पुढे आमच्या शेतात जुनी दगडी विहीर आहे. मोटेचं थारोळं, म्हणजे मोटेचं पाणी जिथं ओततात तो भाग, अजून शाबूत आहे, पण त्याच्या खालची भिंत आणि पायऱ्यांच्या कडेचा दगड सुटत चालला होता. काही वर्षांपूर्वी कुणीतरी सिमेंटने दर्जा, म्हणजे दगडांमधले सांधे, भरून घेतल्या. सिमेंटने ओल आत कोंडली आणि पापुद्रे निघताना दगडाची कडसुद्धा घेऊन निघाले. मूळ बांधकाम चुन्यातलं. बाजारात पोत्यातला चुना मिळतो, पण तो भिंती रंगवायचा. पाण्याखाली तो धरत नाही. म्हणून वर पन्हाळ्याला जो चुना लागला असेल, तो स्वतः भाजून बघायचं ठरलं. ज्यांना असंच काही करायचंय त्यांच्यासाठी या नोंदी.

५ जानेवारी

आधी दगड. इथला सगळा डोंगर काळ्या पाषाणाचा. तो कितीही भाजला तरी चुना होत नाही, त्यात चुनखडीच नाही. देशावरच्या किल्ल्यांना चुना मिळाला तो काळ्या जमिनीतल्या आणि ओढ्या-नदीच्या काठच्या चुनखडीच्या खड्यांतून. कोकणात शिंपले भाजायचे. आपल्याकडे शिरोळच्या बाजूला चुनखडीची जमीन भरपूर, तिथला शेतकरी या खड्यांना वैतागलेला असतो. ओळखीतल्या एकाने बांधावर वेचून ठेवलेला ढीग "घेऊन जावा, तेवढीच ब्याद जाईल" म्हणून दिला. फुकट मिळाला तरी तलाठ्याला आधी विचारून ठेवा. हे गौण खनिजात मोडतं आणि रस्त्यात ट्रॉली अडवली तर दिवस जातो. ट्रॉलीभाडं ३,५०० रुपये.

१२ जानेवारी

खड्यांवर संडास धुवायच्या ॲसिडचे थेंब टाकून बघितले. फसफस जोरात झाली तो ढीग वेगळा, नुसता ओला झाला तो वेगळा. जवळपास पाव भाग बाद झाला, तो मुरुमाचाच होता. उरलेल्यातला एक किलो ॲसिडमध्ये विरघळवला, तर तळाला अडीचशे ग्रॅमच्या आसपास माती राहिली. ही माती म्हणजे खोट नाही, उलट तिच्यामुळेच हा चुना पाण्यात घट्ट होतो. भाजताना माती आणि चुना एकमेकांत गुंततात. शुद्ध चुनखडीला हे जमत नाही.

हिशेब असा: शुद्ध चुनखडी शंभर किलो भाजली तर ४४ किलो वायू होऊन उडून जातो, हाती ५६ किलो कळी, म्हणजे भाजलेला पण पाणी न लागलेला चुना, राहते. आमच्या खड्यांत माती पाव भाग, म्हणजे शंभराचे ६७ राहायला हवेत. हा ६७ चा आकडा पुढे फार कामाला आला.

२ फेब्रुवारी

भट्टी बांधली. बांधाच्या उतारात अर्धी खणून घेतली, म्हणजे वरून भरता येते आणि खालच्या अंगाला जाळाचं तोंड ठेवता येतं. आतला व्यास चार फूट, उंची पाच फूट. शिरोलीच्या एमआयडीसीत मित्राची फाउंड्री आहे, तिथून वापरलेल्या उष्णतारोधक विटा मिळाल्या. त्या आतून, बाहेरून साध्या विटा, मधे माती आणि चिपाडाच्या भुशाचा गिलावा. वीटभट्टीवर आयुष्य गेलेले आमचे कुंभारमामा बघायला आले आणि तोंडाकडे बोट दाखवून म्हणाले, "ह्ये एवढं मोठं कशाला? ह्यातनं वाराच राज्य करंल." तोंड तेवढंच राहिलं. मामांचं ऐकायला हवं होतं, ते मार्चमध्ये कळलं.

विटा मिळाल्यामुळे खर्च ६,००० च्या आत भागला. एरवी दुप्पट धरा.

१५ फेब्रुवारी

पहिली भाजणी. फसली.

तळाला चिपाड, त्यावर शेणी, त्यावर खडे, परत शेणी, असे थर. चिपाड गुऱ्हाळाला उत्तम, इथे बिनकामाचं. भसकन पेटलं, तासाभरात राख झालं आणि वरचे थर खाली बसले. खडे जाळाच्या तोंडात येऊन पडले आणि हवा बंद. रात्री अकराला वरच्या थराला हात लावता येत होता.

दुसऱ्या दिवशी उकरलं. मुठीपेक्षा मोठा एक खडा हातोडीने फोडला: बाहेर नखाएवढ्या जाडीची पांढरट, भुसभुशीत साल, आत जसाच्या तसा राखाडी दगड. पाण्यात टाकला तर साल सुटून तळाला बसली आणि गाभा तसाच राहिला, पाणी कोमटसुद्धा झालं नाही. दहा किलो वजन करून टाकलेली खूणगाठीची टोपली साडेनऊ किलो भरली. म्हणजे भाजणं जेमतेम सुरू झालं होतं.

१ मार्च

दुसरी भाजणी. आता तळाला फाउंड्रीच्या भंगारातली लोखंडी जाळी, तिच्यावर बाभळीचे ओंडके. खडे फोडून अंड्याएवढे ते लिंबाएवढे केले. बारीक चुरा चाळून काढला, तो हवेच्या वाटा बुजवतो. फोडायला दोन बायकांना दोन दिवस लागले, रोजचे प्रत्येकी ४००. या फोडण्याचा वेळ कुणी धरत नाही. भाजण्यापेक्षा तोच जास्त जातो.

मित्राने तापमान मोजायची तार दिली होती. दुपारी चारला पेटवलं आणि पश्चिमेचा वारा थेट तोंडातून आत. संध्याकाळी पश्चिम अंगाला १,१०० अंश, पूर्वेला ७००. चुन्याला नऊशेच्या आसपास पुरतं, पण ते सगळीकडे आणि काही तास टिकून लागतं. निकाल जो व्हायचा तोच झाला. एका बाजूचे खडे वितळून एकमेकांना चिकटले, विटांचा खंगर निघतो तसे काळसर-हिरवट ढेकळ. मातीमुळे पाण्यात धरणारा चुना मिळतो, तीच माती जास्त तापली की काच होते. दुसऱ्या बाजूचे कच्चे. मधला थोडा भाग मात्र खरा कळीचा चुना.

मामा आले, ढेकूळ उचलून बघितलं, काही बोलले नाहीत. तोंड विटा लावून निम्मं केलं, पुढे पत्र्याची सरकती झडप बसवली.

९ मार्च

सूर्यास्तानंतर वारा पडल्यावर पेटवलं. झडप चार बोटं उघडी. मध्यरात्री दोन्ही अंगांना ९०० ते ९५० च्या आत. तार नसेल तर रंगावर जायचं: आतला दगड तांबड्याकडून केशरीकडे झुकला की बरोबर, पिवळा दिसायला लागला की झडप लावायची. पहाटेपर्यंत खालून ओंडके सारत राहिलो.

एक सूचना. राखणीला बसणाऱ्याने वाऱ्याच्या वरच्या अंगाला बसावं. थंडीत ऊब म्हणून भट्टीच्या कडेला किंवा खालच्या खड्ड्यात अंग टाकू नका. दगडातून निघणारा वायू जड असतो, तो खाली साठतो आणि त्याला वास नसतो. युरोपात जुन्या काळी चुन्याच्या भट्ट्यांशेजारी उबेला झोपलेले फिरस्ते सकाळी उठलेच नाहीत, अशा हकिगती आहेत.

११ मार्च

भट्टी गार झाल्यावर काढली. खूणगाठीची टोपली दहाची सात किलोला थोडी कमी. हवी तशी. ३०० किलो खडे घातले होते, निवडून १५० किलोवर चांगली कळी हाती आली, बाकी राख, चुरा आणि थोडे कच्चे. जळण साधारण ३५० किलो, त्यात शेणी निम्म्याला कमी. म्हणजे एक किलो कळीला सव्वादोन किलो जळण. मोठ्या, एकसारख्या पेटत्या भट्टीत हे बरंच कमी होईल, कारण आमची अर्धी उष्णता विटा तापवण्यातच जाते.

वरच्या थरात मालवणच्या पाहुण्यांनी पाठवलेले दोन पोती शिंपलेही टाकले होते. ते पांढरेशुभ्र निघाले, आकार तसाच, बोटांत धरले की चुरा.

१३ मार्च

कळी विरवली, म्हणजे पाण्याने फोडली. दोन्हींतला फरक डोळ्यांनी बघण्यासारखा. शिंपल्याची कळी पाण्यात टाकल्यावर क्षणभर काही नाही, मग तडतड, मग सगळं पातेलं उकळायला लागलं. शिंतोडे हातभर वर. पाच मिनिटांत लोण्यासारखा चुना. खड्यांची कळी मात्र सुस्त. तासभर नुसती वाफ, मग भेगा, आणि दुसऱ्या दिवशीसुद्धा तिसरा हिस्सा कडकच. तिला हौदात बुडवून उपयोग नाही. ढिगावर पाणी शिंपडायचं, वर वाळू लोटायची आणि रात्रभर तसंच ठेवायचं.

भांड्यात विरवताना पाणी आधी आणि कळी नंतर, उलटं नको. चश्मा लावा. डोळ्यात गेलं तर चोळू नका, पाण्याच्या धारेखाली धरून दवाखाना गाठा.

हा कडक राहिलेला तिसरा हिस्सा बघितल्यावर चुना दळायची घाणी कशासाठी होती ते समजलं. लोहगडावर, वासोट्यावर चुन्याचे घाणे अजून दिसतात आणि आपण "इथे चुना मळायचे" म्हणून पुढे जातो. नुसतं मळायचं असतं तर फावड्याने भागलं असतं. खड्यांचा चुना पूर्ण विरत नाही, तो दळावा लागतो.

१८ मार्च

गोठ्याच्या कोपऱ्यात ठेवलेल्या कळीच्या पोत्यांपैकी दोन बाद. पहाटेच्या दवाने आणि गुरांच्या मुताच्या ओलीने पोतं फुगलं, शिवण उसवली आणि खालच्या फळीला काळा डाग पडला. थोडक्यात वाचलो, शेजारी कडबा होता. कळी झाकणाच्या पिंपात ठेवा नाहीतर लगेच विरवा.

३० मार्च, पाडवा

घाणी सुरू. बारा फूट व्यासाचा गोल चर, तळाला आणि कडेला घडीव दगड, मधे खुंटा, आडवी लाट (दांडा), तिच्यावर दगडी चाक. चाक पाथरवटाकडून करून घेतलं: उंची साडेतीन फूट, १८,००० रुपये, या सगळ्या कामातला सर्वांत मोठा खर्च. ट्रॅक्टर लावून बघितला, तो घिरट्या फार वेगाने घालतो आणि चाक चरातून उड्या मारतं. शेवटी चुलत्यांचा बैल आणला. खुंटा पहिल्याच दिवशी हलला, कारण तो नुसत्या मातीत रोवला होता. भोवती दगड ठोकून कच बसवला.

प्रमाण: एक भाग चुना, दोन भाग वाळू. दळायला दोन-अडीच तास. गवंडीतात्या चरात बोट घालून, बोटावरचा चुना अंगठ्याने पसरून बघायचे. खर लागली की "आजून फिरू द्या." मी घड्याळ बघितलं की म्हणायचे, "घाई असंल तर शिमिट हाय की, सायेब."

६ एप्रिल

गुळाचं प्रकरण. कोल्हापुरात बसून चुन्यात गूळ घालायला कोण कमी करेल? जुन्या कामात गूळ, हिरडा, बेलफळाचा गर घालत, हे सगळे सांगतात. किती, ते प्रत्येक जण वेगळं सांगतो. पहिल्या घाणीला हात सैल सोडला. माल झकास मऊ झाला, थापीवरून घसरत होता, आणि आठवडा झाला तरी नखाने खरवडत होता. वर मुंग्यांची रांग. गुळाने चुना पाण्यात जास्त विरघळतो आणि कामाला सोपा होतो, पण जास्त झाला की धरायलाच तयार होत नाही. पुढच्या घाणीला घमेल्यामागे मूठभर गूळ, तोही हिरड्याच्या काढ्यात विरघळवून. तेवढ्याने भागलं. हायड्रोस (रंग उजळायची पावडर) मारलेला पिवळाधमक गूळ घेऊ नका, काळसर घ्या. स्वस्तही पडतो.

१२ एप्रिल

जोतिबाची यात्रा. काम बंद, समोरचा डोंगर गुलालाने लाल. बैलही आज मिळणार नव्हता.

२० एप्रिल

बादलीची परीक्षा. लिंबाएवढे तीन गोळे करून दोन दिवस सावलीत ठेवले, मग पाण्यात. नुसत्या शिंपल्याच्या चुन्याचा गोळा संध्याकाळपर्यंत ढासळला. शिंपल्याचा चुना आणि सुरखी, म्हणजे भाजक्या विटेची पूड, यांचा गोळा टिकला पण नख रुतत होतं. खड्यांच्या चुन्याचा टणक. विहिरीला खड्यांचा, वरच्या कठड्याच्या गिलाव्याला शिंपल्याचा, असं ठरलं.

२७ एप्रिल

बांधकाम चालू. सुटे दगड काढले, सिमेंट छिनीने उडवलं, सांधे धुऊन ओले केले. कोरड्या दगडावर चुना लावला तर दगड पाणी ओढून घेतो आणि सांध्यात भुकटी राहते.

रविवारी पाहुण्यांना घेऊन पन्हाळ्यावर गेलो होतो, तेव्हा अंबरखान्याच्या गंगा कोठीत उभा राहून डोक्यात आकडेमोड सुरू झाली. तट एक वेळ मोठे घडीव दगड नुसते बसवून उभा राहील, आपल्याकडे तसे कोरड्या सांध्यांचे तट आहेतच. पण या कोठ्यांची कमानदार छतं, पाण्याची टाकी, तटाच्या दोन तोंडांमधला भराव हे चुन्याशिवाय नाही. धरा, दहा फूट लांब, वीस फूट उंच, पाच फूट जाड असा भरावाचा तट. म्हणजे हजार घनफूट, दहा ब्रास. दगडगोट्यांच्या कामात तिसरा हिस्सा माल जातो, म्हणजे ३३० घनफूट. त्यात वाळूच तेवढी धरायची, आणि तिच्या फटींत बसणारा चुना निम्मा, १६५ घनफूट. आमची एक भाजणी आठ घनफूट चुना देते. वीस भाजण्या, सात टन जळण, आणि झाला फक्त दहा फूट तट! पन्हाळ्याचा घेर सात किलोमीटरच्या वर. काही ठिकाणी नुसता तासलेला कडाच तटाचं काम करतो हे खरं, तरीही. भोज राजाच्या वेळेपासून आदिलशाही आणि पुढे मराठ्यांपर्यंत या गडावर बांधकाम होत राहिलं. दर वेळी आसपासचं किती रान भट्टीत गेलं असेल ते आता कळतं.

हे दुखणं सगळीकडचं. वेल्समधल्या ब्यूमॅरिस किल्ल्याच्या १२९६ च्या पत्रात बांधकामप्रमुख जेम्स ऑफ सेंट जॉर्ज पैसे मागताना माणसांची यादी देतो: ४०० गवंडी-पाथरवट, २,००० मजूर, शंभर गाड्या, साठ छकडे आणि दगड व कोळसा आणणाऱ्या तीस होड्या. पूर्वी हे वाचताना कोळसा डोळ्यांखालून निसटला होता. तो लोहारांच्या भात्याला लागणार तसा चुन्याच्या भट्ट्यांनाही.

मग भट्टी गडावर की खाली? आमच्या अनुभवावरून मी खाली म्हणेन. खडे खालच्या काळ्या जमिनीतले, जळणही खालचंच. खाली भाजलं तर तिसरा हिस्सा वजन तिथेच उडून जातं आणि बैलाच्या पाठीवरून फक्त कळी वर चढते. विरवायला पाणी आणि दळायला घाणी मात्र कामाजवळ हवी, कारण ओला माल डोंगर चढवणं म्हणजे पाणी वाहणं. अट एकच, कळी वाटेत भिजता कामा नये. म्हणजे वाहतूक दसऱ्यानंतर ते वळवाच्या आधी. तात्यांना हे सांगितलं तर म्हणाले, "मग काय, पावसाळ्यात वर चढवत्यात व्हय कुणी?"

११ मे

थारोळ्याखालची भिंत पूर्ण. वर ओली गोणपाटं, दिवसातून चारदा पाणी. उन्हात सुकू दिलं की केसासारख्या चिरा पडतात. दक्षिणेकडच्या कोपऱ्यात पडल्या, कारण गोणपाट वाऱ्याने सरकलं होतं. तो कोपरा उकरून परत भरला.

२१ मे

पावसाने घात केला. यंदा मेच्या तिसऱ्या आठवड्यातच धो-धो. कठड्याचा शिंपल्याच्या चुन्याचा गिलावा जेमतेम आठवड्याचा होता. हा चुना हवेतला वायू ओढून सावकाश दगड होतो आणि तो वायू ओल्या थराच्या आत शिरत नाही. पश्चिमेचा सगळा गिलावा दुधासारखा वाहून विहिरीत. प्लॅस्टिक टाकलं, पण आतून घाम धरून उरलेलाही मऊ पडला. पायऱ्यांच्या कडेचा निम्मा भाग राहिला तो राहिलाच.

१३ जुलै

विहीर थारोळ्याच्या खाली हातभर येईपर्यंत भरली. पाण्याच्या रेषेजवळच्या सांध्यांत खिळा टोचून बघितला, जात नाही. पाणी गढूळ नाही. मे महिन्यात उकरून भरलेला कोपरा मात्र अजून नखाने थोडा खरवडतो.

परवा पन्हाळा जागतिक वारसा यादीत गेल्याची बातमी आली. तेव्हापासून ओळखीतले दोघे-तिघे विचारतायत, हा चुना घेऊन गडाच्या भिंती डागडुजी करूया का? नाही. संरक्षित स्मारकाला परवानगीशिवाय थापी लावणं गुन्हा आहे. आणि तिथल्या जुन्या चुन्याची तपासणी न करता आपला माल भरणं म्हणजे आमच्या विहिरीला सिमेंट भरण्याचाच प्रकार. ज्यांना हौस आहे त्यांनी आपापल्या गावच्या विहिरी, चावड्या, वाड्यांच्या पडक्या भिंती बघाव्यात.

खर्च आतापर्यंत ५८,००० च्या आसपास, त्यात चाक आणि घाणी निम्म्याला थोडी कमी. ती परत वापरता येतील. सिमेंटने हेच काम पंधरा-सोळा हजारांत झालं असतं. कठड्याचा गिलावा आणि पायऱ्यांचा राहिलेला भाग दिवाळीनंतर, पाणी उतरल्यावर. या वेळी गिलाव्यालाही सुरखी घालणार. शिंपल्याचा उरलेला चुना हौदात पाण्याखाली आहे, तो मुरेल तेवढा चांगला. खड्यांच्या चुन्याला हे चालत नाही, तो पाण्याखाली हौदातच घट्ट होतो. त्यामुळे त्याची नवीन भाजणी नोव्हेंबरात. खडे फोडून पोत्यात भरून ठेवलेत.